काव्याची व्याख्या आणि जैन आचार्य

पहाटेच्या वेळी मंदिरात भक्तामर स्तोत्राचा सामुदायिक घोष सुरू होतो. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना त्यातील प्रत्येक संस्कृत पदाचा अर्थ ठाऊक नसतो. तरीही वसंततिलका वृत्ताची ती संथ, गंभीर लय कानी पडताच मन स्थिर होते. आचार्य मानतुंगांचे हे स्तोत्र दिगंबर परंपरेत ४८ आणि श्वेतांबर परंपरेत ४४ श्लोकांचे म्हटले जाते, परंतु त्याचा प्रभाव दोन्हीकडे सारखाच आहे. या नित्याच्या अनुभवात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. मनाला भिडते ते नेमके काय? शब्द, अर्थ, वृत्त, की या साऱ्यांच्या पलीकडचे काही? थोडक्यात, काव्य कशाला म्हणावे?

भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा हजार वर्षांहून अधिक काळ विचार केला. त्या विचारात जैन आचार्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक धार होती. आगमांनी स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा साधूला वर्ज्य सांगितल्या आहेत. काव्य तर राजे, नगरे, उपवने आणि प्रणय यांच्या वर्णनांनी भरलेले. मग संयमी मुनीने काव्य रचावे काय? त्याचे शास्त्र लिहावे काय? काव्याची व्याख्या करताना या आचार्यांना आपल्या व्रताशीही प्रामाणिक राहावयाचे होते. म्हणूनच त्यांची उत्तरे लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत.

शरीर आणि आत्मा

काव्याच्या उपलब्ध व्याख्यांत भामहाची व्याख्या अतिशय जुनी व अतिशय साधी आहे. शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व म्हणजे काव्य, असे त्याने म्हटले. 'साहित्य' या आजच्या शब्दाचे मूळ याच कल्पनेत आहे. दंडीने इष्ट अर्थाने युक्त अशा पदावलीला काव्याचे शरीर म्हटले. शरीर म्हटले की आत्म्याचा शोध ओघानेच आला. वामनाने रीती, म्हणजे पदरचनेची विशिष्ट पद्धती, हा काव्याचा आत्मा मानला. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी हा आत्मा असल्याचे प्रतिपादन केले. शब्द उघडपणे जे सांगतात त्याहून निराळे, सूचनेने उमगणारे जे असते तेच काव्याचे मर्म, असा त्याचा सिद्धांत होता.

या सिद्धांताची काही उत्तम उदाहरणे महाराष्ट्राच्या मातीतून घेतलेली आहेत, ही बाब मराठी वाचकाला विशेष आनंद देणारी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'गाहा सत्तसई'मधील महाराष्ट्री प्राकृत गाथा आनंदवर्धनाने ध्वनीसाठी वापरल्या. त्यांपैकी एका गाथेतील स्त्री एका धार्मिक गृहस्थास सांगते की, गोदाकाठच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने त्रास देणारे कुत्रे मारले, आता निर्धास्तपणे हिंडा. शब्द परवानगीचे आहेत, पण सिंहाचे नाव ऐकून तो गृहस्थ पुन्हा तिकडे फिरकणार नाही! तिच्या भेटीची जागा निर्वेध राहावी, हाच तिचा हेतू. वाच्य अर्थ 'हिंडा' असा आणि सूचित अर्थ 'येऊ नका' असा. पुढे मम्मट आणि आचार्य हेमचंद्र यांनीही ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. एका निर्ग्रंथ आचार्याने अशी शृंगारगाथा शास्त्रचर्चेसाठी निःसंकोचपणे घ्यावी, हे त्यांच्या दृष्टीच्या व्यापकपणाचे द्योतक आहे.

राष्ट्रकूटांच्या काळात

जैन परंपरेतील काव्यविचाराचे एक ठळक रूप नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या राज्यात दिसते. महाराष्ट्र व कर्नाटक यांचा मोठा भाग त्याच्या सत्तेखाली होता आणि मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ही त्याची राजधानी होती. 'कविराजमार्ग' हा कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांतील सर्वांत जुना ग्रंथ याच दरबारातला. तो काव्यशास्त्रावरचा आहे आणि दंडीच्या विचाराचा त्यावर मोठा प्रभाव आहे. कावेरीपासून गोदावरीपर्यंतच्या कन्नड प्रदेशाचे वर्णन करताना, तेथील न शिकलेले लोकही काव्यप्रयोगात निपुण आहेत, असे हा ग्रंथ सांगतो.

याच काळातील आचार्य जिनसेन हे मोठे सिद्धांतकार. गुरू वीरसेन यांच्या मागे अपूर्ण राहिलेली 'जयधवला' टीका त्यांनी इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केली. 'आदिपुराणा'च्या आरंभी त्यांनी काव्याचा विचार मांडला आहे. कवीचा भाव किंवा कवीचे कर्म म्हणजे काव्य. त्याचा अर्थ स्पष्ट असावा, त्यात ग्राम्यता नसावी, अलंकार असावेत आणि गोंधळ नसावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यापुढे ते एक कठोर अट घालतात. धर्माशी जोडलेली कविताच प्रशंसनीय आहे. बाकीची कितीही कुशलतेने रचलेली असली तरी ती पापास्रवालाच कारण होते. विकथेच्या प्रश्नाला जिनसेनांनी दिलेले हे थेट उत्तर आहे.

मात्र एवढ्यावरून जिनसेनांना रसिकतेचे वावडे होते असे मानणे चूक ठरेल. त्यांचे 'पार्श्वाभ्युदय' हे काव्य त्याची साक्ष देते. कालिदासाच्या 'मेघदूता'तील चरण घेऊन, प्रत्येक श्लोकात त्यांतील एक किंवा दोन चरण गुंफून, त्यांनी भगवान पार्श्वनाथांवरील उपसर्गाची कथा रचली. यक्षाच्या विरहाचे शब्द कमठाच्या वैराच्या आणि प्रभूंच्या अविचल समतेच्या कथेत बसवले. शब्द तेच, परंतु संदर्भ बदलताच अर्थ आणि रस बदलला. शब्द व अर्थ यांचे सहितत्व म्हणजे काय, याचे याहून बोलके प्रात्यक्षिक मिळणे कठीण. या काव्यामुळे आणखी एक उपकार झाला. नवव्या शतकात 'मेघदूता'चा पाठ कोणता होता, हे त्यातून कळते. प्राच्यविद्येचे विख्यात अभ्यासक काशिनाथ बापू पाठक यांनी 'पार्श्वाभ्युदया'च्या आधारे सिद्ध केलेली 'मेघदूता'ची आवृत्ती पुण्याहून इ. स. १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

कलिकालसर्वज्ञांचे काव्यानुशासन

जिनसेनांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. धंधुका येथे इ. स. १०८८ च्या सुमारास जन्मलेल्या या महापुरुषाने अणहिलपूर पाटण येथे चौलुक्य राजे सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल यांच्या काळात विपुल ग्रंथरचना केली. व्याकरणासाठी 'शब्दानुशासन', काव्यासाठी 'काव्यानुशासन' आणि वृत्तांसाठी 'छंदोनुशासन' असे तीन स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिले. या विभागणीतच एक विचार आहे. शुद्ध भाषा म्हणजे काव्य नव्हे आणि वृत्तबद्ध भाषा म्हणजेही काव्य नव्हे. 'काव्यानुशासना'च्या प्रारंभी ते म्हणतात की, शुद्ध वाणीचे विवेचन शब्दानुशासनात झाले, आता त्या वाणीला काव्यत्व कशाने येते ते सांगावयाचे आहे.

आठ अध्यायांच्या या सूत्रमय ग्रंथावर 'अलंकारचूडामणि' ही वृत्ती आणि 'विवेक' ही विस्तृत टीका त्यांनी स्वतःच लिहिली. दोषरहित, गुणयुक्त आणि अलंकारयुक्त असे शब्द व अर्थ म्हणजे काव्य, ही त्यांची व्याख्या. ती काश्मीरच्या मम्मटाच्या व्याख्येला अगदी जवळची आहे. क्वचित अलंकार नसले तरी चालतील, असे मम्मटाने व्याख्येतच म्हटले होते. हेमचंद्रांनी तीच सवलत 'च' या एका अक्षरात साठवली आणि वृत्तीत त्याचा उलगडा केला.

चौदाव्या शतकात विश्वनाथाने या प्रकारच्या व्याख्येवर कडाडून टीका केली. निर्दोष असेल तेच काव्य म्हटले तर काव्य शोधूनही सापडणार नाही. किडीने पोखरलेले रत्नही रत्नच असते, असे त्याचे म्हणणे. आक्षेप वजनदार आहे. परंतु हेमचंद्रांनी गुण आणि दोष या शब्दांचा अर्थ काय लावला, हे पाहिले म्हणजे त्याची धार कमी होते. त्यांच्या मते रसाचा उत्कर्ष करतात ते गुण आणि रसाचा अपकर्ष करतात ते दोष. शब्द व अर्थ यांचे गुणदोष म्हणणे हा केवळ उपचार. अलंकार तर अंगावर राहणारे. म्हणजे व्याख्येत 'रस' हा शब्द कोठेही नसला, तरी तिचा सारा भार रसावरच आहे. याच दृष्टीने त्यांनी अलंकारांची संख्याही आटोक्यात आणली. मम्मटाने साठाहून अधिक अर्थालंकार सांगितले होते, हेमचंद्रांनी ते २९ मध्ये बसवले.

काव्याचे प्रयोजन काय, या प्रश्नावर त्यांचे स्वतंत्र मत अधिक स्पष्टपणे दिसते. मम्मटाने सहा प्रयोजने दिली आहेत : यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगळाचे निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि प्रिय पत्नीने समजवावे तसा गोड उपदेश. हेमचंद्रांनी यांतील तीन गाळली. काव्याने धन मिळेलच असा नेम नाही. व्यवहारकौशल्य शास्त्रांतूनही येते. अनर्थाचे निवारण इतर मार्गांनीही होते. उरली आनंद, यश आणि उपदेश ही तीन. त्यांपैकी यश फक्त कवीचे, उपदेश सहृदय वाचकाचा, परंतु आनंद दोघांचा. म्हणून आनंद हे सर्व प्रयोजनांचे सार, असे त्यांनी ठरवले.

जिनसेनांनी धर्माला काव्याची अट मानले होते, हेमचंद्रांनी आनंदाला पहिले स्थान दिले. वरवर पाहता हा विरोध आहे. किंबहुना दोघांत खरेच अंतर आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. जिनसेन पुराणकाराच्या भूमिकेतून बोलतात; श्रोत्याच्या आत्म्याचे काय होईल, ही त्यांची चिंता आहे. हेमचंद्र शास्त्रकाराच्या भूमिकेतून बोलतात. समोर असलेल्या काव्य या वस्तूचे स्वरूप काय, हा त्यांचा प्रश्न आहे. हेच हेमचंद्र 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र' लिहिताना धर्मकथाकार होतात. एकाच वस्तूकडे निरनिराळ्या नयांनी पाहण्याची शिकवण ज्या परंपरेने दिली, त्या परंपरेत ही दोन्ही उत्तरे शेजारी नांदली, यात आश्चर्य नाही.

आवरण दूर होणे

काव्य कशातून जन्मते? या प्रश्नाच्या उत्तरात हेमचंद्रांची जैन दृष्टी सर्वांत स्पष्टपणे प्रकटते. पूर्वीच्या शास्त्रकारांनी प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास ही तीन कारणे सांगितली होती. मम्मटाने तिन्ही मिळून एक कारण मानले. हेमचंद्रांनी प्रतिभा हे एकच कारण ठेवले. व्यासंग आणि अभ्यास यांनी प्रतिभेवर संस्कार होतात, परंतु प्रतिभा नसेल तर ते दोन्ही निष्फळ ठरतात.

मग प्रतिभा कोठून येते? कोणी पूर्वजन्मीचा संस्कार म्हटले, कोणी देवतेचा प्रसाद म्हटले. हेमचंद्रांनी कर्मसिद्धांताच्या भाषेत उत्तर दिले. आत्मा स्वभावतःच प्रकाशरूप आहे. सूर्यावर ढगांचे पटल यावे तसे ज्ञानावरणीय आदी कर्मांचे आवरण त्याच्यावर येते. त्या आवरणाचा क्षयोपशम झाला की प्रतिभा सहज प्रकट होते. मंत्र किंवा देवतेच्या कृपेने येणारी प्रतिभा त्यांनी औपाधिक मानली. तिच्याही मुळाशी क्षयोपशमच असतो, असे त्यांनी सांगितले. सहज प्रतिभेचे परमोच्च उदाहरण म्हणून ते गणधरांचे नाव घेतात. याच सामर्थ्याने गणधरांनी द्वादशांगीची तत्काळ रचना केली.

पाठशाळेत आठ कर्मांची नावे पाठ करणाऱ्या मुलालाही 'ज्ञानावरणीय' हा शब्द परिचित असतो. तोच शब्द कवीच्या स्फूर्तीचे स्पष्टीकरण म्हणून वापरला गेला, ही साहित्यशास्त्राच्या इतिहासातील असामान्य घटना आहे. या उपपत्तीचा परिणामही दूरगामी आहे. काव्य बाहेरून आणून मनात भरता येत नाही. आत असलेला प्रकाश मोकळा होतो तेव्हा ते प्रकटते. आणि क्षयोपशम ही कोणा एका कुळाची किंवा एका भाषेची मिरासदारी नसल्यामुळे, काव्यही कोणाची मिरासदारी ठरत नाही, असा अर्थ यातून सहज निघतो. हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृतांचे नियम दिले आणि अपभ्रंशाची उदाहरणे म्हणून लोकांच्या तोंडचे अनेक दोहे उद्धृत केले. प्रेमाचे, विरहाचे, रणातल्या शौर्याचे ते दोहे एका मुनीच्या व्याकरणामुळे आज उपलब्ध आहेत. त्याच शतकातील जैन आलंकारिक वाग्भट यानेही 'वाग्भटालंकारा'त संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश आणि भूतभाषा या चारही भाषा काव्याचे शरीर होऊ शकतात, असे नि:संदिग्धपणे सांगितले.

शिष्यांचे धाडस

हेमचंद्रांचे पट्टशिष्य रामचंद्र आणि त्यांचे सहकारी गुणचंद्र यांनी 'नाट्यदर्पण' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गुरूंनी स्वीकारलेल्या मताहून वेगळी वाट धरली. अभिनवगुप्ताचे मत असे की, सर्व रस अंतिमतः आनंदरूपच असतात. हेमचंद्रांनी ते मान्य केले होते. शिष्यांनी मात्र रस हा सुखदुःखात्मक असतो, असे म्हटले. शृंगार, हास्य, वीर, अद्भुत आणि शांत हे सुखाचे. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे दुःखाचे. सीतेचे हरण, द्रौपदीची विटंबना, हरिश्चंद्राने पत्करलेले चांडाळाचे दास्य, रोहिताश्वाचा मृत्यू, हे रंगभूमीवर पाहून कोणत्या सहृदयाला सुख होईल, असा रोकडा सवाल त्यांनी केला. तरीही प्रेक्षक अशी नाटके पाहतात ती कवीच्या व नटाच्या कौशल्याने चकित झाल्यामुळे. पेयातील तिखटपणाने गोडी जशी अधिक जाणवते, तसे दुःखाच्या आस्वादाने सुख अधिक रुचते. हा प्रश्न रामचंद्रांनी केवळ तर्काने सोडवलेला नाही; 'सत्यहरिश्चंद्र' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले होते.

शोकात्म कलाकृतीपासून आनंद का मिळतो, हा प्रश्न पुढे मराठी समीक्षेतही गाजला. इ. स. १९२१ मध्ये बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्मयीन आनंदाची 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. योगायोग असा की, आठच वर्षांनी, इ. स. १९२९ मध्ये, त्याच बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून 'नाट्यदर्पण' छापून प्रसिद्ध झाले.

संग्राहक की विचारवंत?

हेमचंद्रांवर एक आरोप वारंवार केला जातो. 'काव्यानुशासन' हा स्वतंत्र ग्रंथ नसून पूर्वसूरींच्या ग्रंथांतील उताऱ्यांचा संग्रह आहे, असे मत महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या अधिकारी विद्वानानेही व्यक्त केले. त्यात तथ्य आहे. राजशेखर, आनंदवर्धन, अभिनवगुप्त, मम्मट यांच्या ग्रंथांतील मोठमोठे भाग हेमचंद्रांनी जवळजवळ जसेच्या तसे घेतले, काही ठिकाणी नाव न देताही घेतले. परंतु रसचर्चेत अभिनवगुप्ताचे नाव घेऊन, आपण याच मताचा आधार घेतला आहे, असे त्यांनी मोकळेपणाने नमूदही केले आहे. त्यांना विद्यार्थ्यांसाठी एक परिपूर्ण पाठ्यग्रंथ सिद्ध करावयाचा होता आणि तो त्यांनी केला.

कालांतराने या संग्रहाचे मोल अनपेक्षितपणे वाढले. राजशेखराची 'काव्यमीमांसा' इ. स. १९१६ मध्ये छापली गेली, त्यापूर्वी पंधरा वर्षे, इ. स. १९०१ मध्ये, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 'काव्यमाले'तून 'काव्यानुशासन' प्रसिद्ध केले होते. 'काव्यमीमांसे'तील पुष्कळ मजकूर त्यामुळे अभ्यासकांपुढे आधीच आला होता. अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'ची हस्तलिखिते फार अशुद्ध आहेत. तिचे पाठ दुरुस्त करताना हेमचंद्रांनी घेतलेले उतारे विश्वसनीय आधार ठरले. या कामी डॉ. वा. म. कुळकर्णी यांचे परिश्रम मोठे आहेत. मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने इ. स. १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'काव्यानुशासना'ची इ. स. १९६४ ची आवृत्ती रसिकलाल परीख यांच्यासह त्यांनी संपादित केली. साहित्यशास्त्रातील भ्रष्ट झालेल्या प्राकृत गाथांचे मूळ पाठही त्यांनी चिकाटीने शोधून काढले.

पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांनी केवळ आगम राखले नाहीत. जैनेतर साहित्यशास्त्रकारांचे ग्रंथही तितक्याच आस्थेने राखले. कुंतकाच्या 'वक्रोक्तिजीविता'चे संपादन करताना जैसलमेरच्या प्रतीचा उपयोग झाला, हे सर्वश्रुत आहे. ज्याची व्याख्या करावयाची, त्याचे रक्षणही करावयाचे, ही दृष्टी त्यामागे होती.

अखेरची व्याख्या

सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने रमणीय अर्थाचे प्रतिपादन करणारा शब्द म्हणजे काव्य, अशी व्याख्या केली. त्यानंतरही चर्चा थांबली नाही आणि थांबणारही नाही. प्रत्येक व्याख्येने काव्याचे एक अंग उजळले, कोणतीही व्याख्या त्याला पूर्णपणे कवेत घेऊ शकली नाही.

तथापि, 'काव्यानुशासना'च्या मंगलाचरणात एक निराळीच व्याख्या दडलेली आहे. तेथे हेमचंद्र जिनवाणीला वंदन करतात आणि तिची तीन लक्षणे सांगतात. तिची पदे कृत्रिम नाहीत, स्वभावतःच मधुर आहेत. ती परम अर्थ सांगते. आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या भाषेत परिणत होते. समवसरणातील दिव्यध्वनीचे हे वर्णन आहे, हे उघडच आहे. परंतु काव्यावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच श्लोकात ते आले, म्हणून त्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो. सहज माधुर्य, खरा अर्थ आणि श्रोत्याच्या अंतःकरणात त्याच्याच भाषेत उमलणे, ही काव्याचीही परमावधी होय.

पहाटेच्या भक्तामराचा अनुभव या तिसऱ्या लक्षणाशी जोडलेला आहे. पदांचा अर्थ न कळताही लय मनाला धरते, ही वाणीची पहिली पायरी. अर्थ कळू लागतो तेव्हा आवरणाचा एक पदर बाजूला होतो. ज्या आचार्यांनी प्रतिभेलाच आवरणक्षयाचे फळ मानले, त्यांच्या वारसांनी स्तोत्र मुखोद्गत करण्याबरोबर त्याचा अर्थही मुलांच्या हाती दिला, तर काव्याची ती जुनी व्याख्या ग्रंथांत बंदिस्त राहणार नाही. ती मंदिरात रोज पहाटे ऐकू येईल.